अंगावरचं पित्त गोळीला दाद देत नाही, म्हणून थेट स्टेरॉइड?

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या विट्यातल्या दवाखान्यांची गर्दी वेगळी असते. गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली खानापूर-आटपाडी भागातली माणसं गावी आलेली असतात. फराळ, पाहुणे, देवदर्शन झालं की एक दिवस 'गावच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ' म्हणून राखून ठेवलेला असतो.

मागच्या दिवाळीत असाच एक जण आला. वय अडतीस. दक्षिणेत एका शहरात सोन्या-चांदीच्या गलाईचं दुकान. त्याने खुर्चीत बसण्याआधीच टेबलावर औषधांची पिशवी ठेवली.

"डॉक्टर, अंगावर पित्त उठतंय. अकरा महिनं झालं. ही बारकी गोळी घेतली की थांबतंय, सोडली की दुप्पट उठतंय. तेवढी तीन महिन्यांची लिहून द्या. परवा परत जायचंय."

ती बारकी गोळी प्रेडनिसोलोनची होती, म्हणजे स्टेरॉइड. त्याचा चेहरा गोल झाला होता आणि पोट सुटलं होतं. पूर्वी साखरेचा त्रास नव्हता, आता उपाशीपोटी १६० निघाली. रक्तदाबही वाढलेला. मी विचारलं, "पित्ताची साधी गोळी, सेट्रिझिन वगैरे, घेत होतास ना?"

"घेत होतो की. उठलं की घ्यायचो. फरक पडंना म्हणून सोडली."

मला जे सांगायचंय ते सगळं त्याच्या या उत्तरात आहे. साधी गोळी 'हरली' असं ठरवून या माणसाला अकरा महिने स्टेरॉइड दिलं गेलं. पण ती गोळी त्याने नीट घेतलीच नव्हती, आणि ती कशी घ्यायची हे त्याला कुणी नीट सांगितलंही नव्हतं.

माझं मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. जुनाट पित्तावर साधी गोळी कमी पडली, तर पुढची पायरी स्टेरॉइड ही नाही. मध्ये तीन-चार चांगल्या पायऱ्या आहेत. त्या न चढता रुग्णाला वर्षानुवर्षं स्टेरॉइडवर ठेवणं चूक आहे. ही चूक आम्हा डॉक्टरांकडून होते आणि 'लगेच गुण पाहिजे' म्हणणाऱ्या रुग्णांकडूनही होते.

हे 'पित्त' ते पित्त नव्हे

आपल्याकडे छातीत जळजळ झाली तरी 'पित्त', डोकं दुखून उलटी झाली तरी 'पित्त', आणि अंगावर गांधी उठल्या तरी 'पित्त'. त्यामुळे गांधी उठल्या की लोक ॲसिडिटीची गोळी घेतात, किंवा पोट साफ होण्याचं औषध घेतात. अंगावर उठणाऱ्या पित्ताचा जठरातल्या आम्लाशी तसा थेट संबंध नाही. आयुर्वेदातही त्याला शीतपित्त, उदर्द, कोठ अशी वेगळी नावं आहेत. आधुनिक वैद्यकात त्याला अर्टिकेरिया म्हणतात.

आपल्या कातडीत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्या आत हिस्टामीन आणि इतर काही रसायनं भरलेल्या बारीक पुड्या असतात. काही कारणाने या पेशी चेतवल्या गेल्या की पुड्या फुटतात. हिस्टामीनमुळे जवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, त्यातलं पाणी बाहेर झिरपतं आणि तिथे लालसर, फुगीर, भयंकर खाजणारी गांध उठते. हेच कातडीच्या खोल थरात झालं तर ओठ, पापण्या, हात सुजतात.

गांधीची एक खूण लक्षात ठेवा. एकेक गांध २४ तासांच्या आत मावळते आणि मागे डाग ठेवत नाही. इथली गेली, तिथे उठली, असं चालतं. हा प्रकार रोज किंवा बहुतेक दिवस सहा आठवड्यांपेक्षा जास्त चालला, तर त्याला आम्ही जुनाट पित्त म्हणतो. साधारण शंभरातल्या एखाद्याला आयुष्यात कधीतरी ते होतं. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आहे.

'कशाची ॲलर्जी आहे ते शोधा'

प्रत्येक रुग्णाचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रश्न साहजिक आहे, पण जुनाट पित्तात त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'कशाचीही नाही' असं असतं.

वांगी, शेंगदाणे, अंडी, आंबट, अशी नावं रुग्ण घेतात. खाण्याच्या खऱ्या ॲलर्जीत तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत गांधी उठतात आणि दर वेळी उठतात. रोज, महिनोन् महिने, पहाटे अंथरुणात उठणारं पित्त अन्नाच्या ॲलर्जीचं क्वचितच असतं. अनेक रुग्णांत शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच मास्ट पेशींना चेतवत असते. म्हणजे शत्रू बाहेर नसतो. म्हणूनच या रुग्णांत थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार जास्त आढळतो.

आमच्या गलाईवाल्याला खात्री होती की आम्लाच्या वाफेमुळे पित्त उठतं. मी विचारलं, "गावी येऊन दहा दिवस झाले. इथे आम्ल नाही, भट्टी नाही. इथे उठलं का?" उठलं होतं. आम्लाच्या वाफेने डोळे चुरचुरतील, खोकला येईल, थेंब पडला तर कातडी भाजेल. पण दुकानापासून शेकडो मैलांवर रोज जागा बदलत फिरणाऱ्या गांधी त्याने उठत नाहीत.

म्हणून शंभर-दीडशे पदार्थांच्या ॲलर्जीची महागडी रक्ततपासणी जुनाट पित्तासाठी सरसकट करण्याच्या मी विरोधात आहे. त्या अहवालात दहा-वीस पदार्थांपुढे काहीतरी आकडा येतोच. मग माणूस ते सगळे पदार्थ सोडतो. माझ्याकडे एक ताई यायच्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या. असा अहवाल हातात पडल्यापासून वर्षभर त्यांनी डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी, वांगी, टोमॅटो सगळं बंद केलं होतं. त्या भात आणि साखरेचा चहा यांवर होत्या. पित्त होतं तसंच होतं, हिमोग्लोबिन मात्र आठवर आलं होतं.

बहुतेक रुग्णांना सुरुवातीला रक्ताची साधी तपासणी आणि ईएसआर किंवा सीआरपी एवढं पुरतं. विशेषज्ञाकडे गेल्यावर थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं आणि एकूण आयजीई हे दोन आकडे उपयोगी पडतात. बाकी तपासण्या लक्षणं पाहून.

स्टेरॉइडचा मोह कसा पडतो?

स्टेरॉइड झटपट काम करतं. काही तासांत गांधी विरतात, खाज थांबते, रुग्ण खूश होतो आणि डॉक्टरचं नाव होतं. 'त्या डॉक्टरचं एकच इंजेक्शन, पित्त गायब' अशी कीर्ती पसरते. पण औषधाचा असर संपला की मास्ट पेशी पुन्हा पहिल्यासारख्याच. मग दुसरं इंजेक्शन, तिसरं, पुढे गोळ्या. काही जण जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणत राहतात.

याची किंमत हळूहळू कळते. साखर, रक्तदाब आणि वजन वाढतं, हाडं ठिसूळ होतात, मोतिबिंदू लवकर येतो, जंतुसंसर्ग सहज होतात. शरीर स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड बनवणं कमी करतं. आपल्या देशात दबून बसलेला क्षयरोग डोकं वर काढण्याची भीतीही असते.

पित्तासाठी स्टेरॉइड कधीच देऊ नये असं मी म्हणत नाही. अचानक फार जोरात उठलेल्या पित्तात, तोंडावर मोठी सूज असताना थोडे दिवस, जास्तीत जास्त दहा दिवस, ते देता येतं. जगभरची मार्गदर्शक तत्त्वं एवढीच मुभा देतात आणि दीर्घकाळ वापराला स्पष्ट नकार देतात.

एक इशारा मात्र नीट वाचा. हा लेख वाचून कुणीही स्टेरॉइडची गोळी एकदम बंद करू नका. काही आठवडे रोज घेतलेली गोळी अचानक थांबवली तर रक्तदाब एकदम उतरून जीवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करायची असते.

आधी बघा, गोळी खरंच हरली आहे का?

माझ्याकडे 'गोळी लागू पडत नाही' म्हणून येणाऱ्यांना मी चार प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : गोळी रोज घेता, की उठल्यावर घेता? हिस्टामीन आपली जागा पकडण्याआधी औषध तिथे जाऊन बसलेलं असावं लागतं. पाऊस सुरू झाल्यावर कौलं शाकारायला चढून उपयोग नसतो. अंगावर एकही गांध नसली तरी गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यायची, आणि किमान दोन ते चार आठवडे घेऊन मग निकाल द्यायचा.

दुसरा प्रश्न : कुठली गोळी? क्लोरफेनिरामीन, फेनिरामीन, हायड्रॉक्सिझीन ही जुन्या पिढीची औषधं मेंदूत शिरून झोप आणतात. रात्री ती घेऊन झोप लागली तरी झोपेचा दर्जा बिघडतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं जड राहतं. मागावर काम करणारा, ट्रक चालवणारा, भट्टीपुढे बसणारा माणूस अशा गुंगीत काम करत असेल तर अपघाताला आमंत्रण आहे. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन, डेसलोराटाडिन, एबास्टिन, रुपाटाडिन ही नव्या पिढीची औषधं आहेत. यातही सेट्रिझिनने काहींना झोप येते. फेक्सोफेनाडिन आणि बिलास्टिनने ती फारशी येत नाही. बिलास्टिन उपाशीपोटी घ्यायचं. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घ्यायचं नाही, त्याने ते अंगी लागत नाही.

तिसरा प्रश्न : अंगदुखीच्या गोळ्या घेता का? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी बऱ्याच रुग्णांचं पित्त भडकतं. दिवसभर उभं राहून काम करणारी आपली माणसं कंबरेसाठी या गोळ्या सर्रास खातात. त्यांना दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बहुधा चालतं. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. गांधी नसताना नुसतीच ओठ-जीभ सुजत असेल तर रक्तदाबाची गोळीही तपासावी लागते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी अशी सूज येते, आणि ती पित्ताच्या गोळीने उतरत नाही.

चौथा प्रश्न : हे नक्की पित्तच आहे ना? एकाच जागी दोन-तीन दिवस टिकणारी, खाजण्यापेक्षा दुखणारी, काळसर डाग ठेवून जाणारी गांध हा रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार असू शकतो. त्यासाठी कातडीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. तसंच काहींना पित्त फक्त थंड पाण्याने, घाम आल्यावर, नाडी किंवा पट्टा जिथे रुततो तिथे, किंवा नखाने ओरखडलं तिथेच उठतं. त्यांच्या उपचारात ते कारण टाळणं हा मोठा भाग असतो. थंडीने पित्त उठणाऱ्याने विहिरीत उडी मारणं तर जीवघेणं ठरू शकतं.

या चार प्रश्नांतच निम्मी कोडी सुटतात, असा माझा अनुभव आहे.

आजार मोजा, मग बोला

'थोडा फरक आहे', 'लई खाजतंय' यावरून उपचार ठरवता येत नाही. मी रुग्णांना एक साधी वही ठेवायला सांगतो. दिवसभरात गांधी किती उठल्या : एकही नाही तर ०, विसापेक्षा कमी तर १, वीस ते पन्नास तर २, पन्नासच्या वर तर ३. खाज किती : नाही तर ०, थोडी १, मध्यम २, झोप आणि काम मोडणारी ३. रोजची बेरीज जास्तीत जास्त ६ आणि आठवड्याची ४२. आठवड्याची बेरीज ६ पर्यंत असेल तर आजार ताब्यात आहे. २८ च्या वर असेल तर तो तीव्र आहे. ही पद्धत जगभर वापरली जाते आणि तिला एक पैसाही लागत नाही. शेजारी गांधींचे मोबाइलवर काढलेले फोटो असू द्या, कारण तपासायला येता तेव्हा अंगावर बहुधा एकही गांध नसते!

पुढची पायरी : तीच गोळी, वाढीव मात्रेत

रोज एक गोळी नीट घेऊनही साधारण निम्म्या रुग्णांना पुरेसा आराम पडत नाही. मग तीच गोळी दुप्पट आणि गरज पडली तर चौपट मात्रेपर्यंत वाढवायची. हे ऐकून रुग्ण दचकतात. काही डॉक्टरही दचकतात. वेष्टनावर 'दिवसाला एक' लिहिलेलं असतं हे खरं आहे, पण या वाढीव मात्रेला पुरावा आहे.

२०१० मध्ये युरोपात ८० रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लिव्होसेट्रिझिन किंवा डेसलोराटाडिनच्या नेहमीच्या ५ मिलिग्रॅम मात्रेवर ८० पैकी फक्त १३ जणांची लक्षणं पूर्ण गेली. मात्रा दर आठवड्याला वाढवत २० मिलिग्रॅमपर्यंत नेल्यावर, आणि काहींचं औषध बदलल्यावर, आणखी २८ जण पूर्ण बरे वाटू लागले. मात्रा वाढवली म्हणून झोपेचा त्रास वाढला नाही. आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनीही २०१८ मध्ये भारतीय रुग्णांसाठी एकमताने मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्याचे पहिले लेखक नवी मुंबईचे डॉ. किरण गोडसे आहेत. त्यातही ही पायरी आहे.

अर्थात मात्रा डॉक्टरने वाढवायची, स्वतः नाही. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, वाढलेलं वय, हृदयाची इतर औषधं यांचा विचार त्यात करावा लागतो. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या तीन पित्ताच्या गोळ्या एकत्र घेण्यापेक्षा एकच गोळी योग्य मात्रेत घेणं चांगलं.

चौपट मात्राही कमी पडली तर : ओमॅलिझुमॅब

इथे रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायची वेळ येते. वाढीव मात्रा दोन ते चार आठवडे देऊनही वहीतला आकडा खाली येत नसेल तर मी आणखी प्रयोग करत बसत नाही.

पुढच्या औषधाचं नाव ओमॅलिझुमॅब. आपल्या रक्तात आयजीई नावाची प्रतिपिंडं असतात. ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात आणि पेशी चेतवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. ओमॅलिझुमॅब रक्तातलं आयजीई पकडून ठेवतं, त्यामुळे ते पेशीपर्यंत पोचत नाही आणि पेशी हळूहळू शांत होतात. हे औषध अमेरिकेत २००३ मध्ये दम्यासाठी आणि २०१४ मध्ये जुनाट पित्तासाठी मंजूर झालं. ते स्टेरॉइड नाही, आणि साखर, हाडं, रक्तदाब यांवर स्टेरॉइडसारखा परिणाम करत नाही.

दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, कातडीखाली, असं ते देतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ही मात्रा घेणाऱ्या ४४ टक्के रुग्णांना बाराव्या आठवड्यात ना गांधी होत्या ना खाज. औषधाविना इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. काहींना आठवड्याभरात फरक दिसतो, काहींना पाच-सहा महिने लागतात. म्हणून एका इंजेक्शनवर निकाल देऊ नका. क्वचित कुणाला या इंजेक्शनचीच तीव्र रिॲक्शन येते. त्यामुळे निदान सुरुवातीची इंजेक्शनं रुग्णालयातच घ्यायची आणि नंतर काही वेळ तिथेच थांबायचं.

अडचण पैशाची आहे. एका महिन्याचा खर्च हजारांत जातो आणि यंत्रमाग कामगाराच्या घरात तेवढी महिन्याची कमाई असते. हे मी लपवणार नाही. पण हे औषध आहे, ते कुणासाठी आहे आणि त्याला काय खर्च येतो, हे रुग्णाला सांगितलंच पाहिजे. 'यांना परवडणार नाही' असं आपणच ठरवून गप्प बसणं मला पटत नाही. गलाईवाला ते घेऊ शकतो. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी पुढचा मार्ग आहे.

सायक्लोस्पोरिन : स्वस्त, पण डोळ्यात तेल घालून

सायक्लोस्पोरिन संरक्षण यंत्रणेचा अतिउत्साह कमी करतं आणि मास्ट पेशींनाही आवरतं. जागतिक मार्गदर्शनात ते ओमॅलिझुमॅबच्या नंतर येतं. आपल्याकडे खर्चामुळे अनेक तज्ज्ञ ते आधी वापरतात. मला ते व्यवहार्य वाटतं, पण एका अटीवर : देखरेख चुकता कामा नये. वजनाप्रमाणे मात्रा ठरते. रक्तदाब आणि क्रिएटिनिन आधी तपासायचं आणि मग ठरलेल्या अंतराने पुन्हा पुन्हा तपासायचं. ज्याचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा मूत्रपिंड कमजोर आहे त्याच्यासाठी हे औषध नाही. काही महिने देऊन ते कमी करत जायचं. 'डॉक्टरांनी एकदा लिहून दिलंय' म्हणून वर्षभर मेडिकलमधून आणत राहण्याचं हे औषध नक्कीच नाही.

माँटेलुकास्ट, डॅप्सोन, मेथोट्रेक्सेट अशी आणखी नावं तुमच्या चिठ्ठीत दिसतील. काही निवडक रुग्णांत तज्ज्ञ ती वापरतात, पण त्यांच्यामागचा पुरावा तेवढा भक्कम नाही. नव्या औषधांत ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन आणि रेमिब्रुटिनिब ही गोळी, दोन्ही २०२५ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झाली. म्हणजे रस्ता पुढेही आहे.

मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराड, कोल्हापूर इथे त्वचारोग विभाग आहेत. विट्याहून सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. एक दिवसाची मजुरी बुडते हे मान्य. पण अकरा महिन्यांच्या स्टेरॉइडने लागलेली साखर पुढे किती दिवसांची मजुरी खाईल, हाही हिशोब करा.

आमसूल, घोंगडी आणि काव

आमसुलाचं पाणी अंगाला लावलं तर गारव्याने खाज कमी वाटते. खुशाल लावा. घोंगडीवर लोळू नका. लोकर घासल्याने काहींच्या गांधी आणखी वाढतात. काव लावून दोन तासांत पित्त मावळलं असं आजी सांगतात. आजींचं निरीक्षण खरं आहे, पण गांध एरवीही काही तासांत मावळतेच! गरम पाण्याची अंघोळ, घट्ट कपडे आणि दारू यांनी पित्त भडकतं, ते टाळा. 'पूर्ण देशी, दुष्परिणाम नाही' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनालेबलच्या पुडीने झटकन गुण आला तर संशय घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

आणि हे मात्र थांबायचं काम नाही : श्वास लागणं, आवाज घोगरा होणं, जीभ किंवा घसा सुजणं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणं. यातलं काहीही झालं तर आमसूल नाही, गोळी नाही, थेट रुग्णालय. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं.

शेवटी

आमच्या गलाईवाल्याला मी ती बारकी गोळी तीन महिन्यांची लिहून दिली नाही. तो नाराज झाला. "सगळे देतात," म्हणाला. मी त्याला पाऊण तास समजावलं. रोजची एक गोळी सुरू केली, पंधरा दिवसांनी फोनवर दुप्पट केली, पुढे चौपट. स्टेरॉइड दर पंधरवड्याला थोडं थोडं कमी करत नेलं. मध्ये एकदा जोरात उठलं तेव्हा त्याने रात्री अकराला फोन केला, "डॉक्टर, एक घेऊ का?" मी म्हणालो, "वहीत आकडा लिही आणि सकाळी फोन कर." सकाळपर्यंत त्या गांधी मावळल्या होत्या. साडेचार महिन्यांत स्टेरॉइड पूर्ण सुटलं. वहीतला आकडा ३१ वरून ९ वर आला आहे. अजून शून्य नाही, आणि शून्यासाठी तो राहतो त्या शहरातल्या त्वचारोगतज्ज्ञांशी ओमॅलिझुमॅबबद्दल बोलतो आहे. साखर उतरली आहे, पण पूर्ण जागेवर आलेली नाही. ती येईलच असं वचन मी त्याला दिलेलं नाही.

जुनाट पित्त बहुतेकांचं काही वर्षांत आपोआप शांत होतं. आपलं काम तोपर्यंत माणसाला झोप, काम आणि सणवार सुखाने करता यावेत एवढंच आहे. त्या काही वर्षांच्या आजारासाठी आयुष्यभराची साखर आणि ठिसूळ हाडं पदरात घेणं हा फार महाग सौदा आहे.

माझ्या डॉक्टर मित्रांना विनंती : स्टेरॉइड लिहिण्याआधी गोळी रोज घेतली का, मात्रा वाढवली का, एवढं तरी विचारू या. आणि वाचकांना विनंती : पित्तासाठी मिळालेली बारकी गोळी कुठली आहे ते आजच डॉक्टरांना विचारा. 'यात स्टेरॉइड आहे का? किती दिवस घ्यायचं? त्यानंतर पुढे काय?' हे तीन प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. तो तुमचा हक्क आहे.